लाल कड्यावरच्या गोवऱ्या

१६ जानेवारी २००२, बुधवार

पोतं शिवून झालं. साठ गोवऱ्या! नाचणगावच्या आमच्या गोठ्यातल्या, खडखडीत वाळलेल्या. हे दुकानातून जेवायला आले, पोतं पाहिलं अन् दारातच थांबले.

"हे काय व्हय?"

"गोवऱ्या."

"लोक समुद्र पाह्यले जातात तं कॅमेरा नेतात. तू शेण नेऊन राह्यली! केरळात गाई नाईत का वो?"

"असतील. पण नवसाचे गव्हाचे रोडगे का गॅसवर भाजू? ते गोवरीच्या निखाऱ्यातच भाजा लागतात. पोत्याले हात लावू नका, तुम्ही तुमचा मफलर सांभाळा."

सगळं आहे पिशवीत – रवाळ पीठ, तूरडाळ, ओवा, गूळ, घरचं तूप. वांगी तिथं घेऊ.

नवस कसा बोलले ते एकदा कागदावर असू दे. म्हातारपणी विसरेन. ही डायरी तशीही रक्षा पोरगी सासरी जाताना माझ्या डोक्यावर मारून गेली – "आई, मनातलं लिहीत जा, बाबांवर काढू नको!"

तर नव्व्याण्णवच्या ऑगस्टात आमचा पियुष कॉलेजच्या तीन मित्रांबरोबर केरळात फिरायला गेला. वर्कला म्हणून समुद्राकाठचं गाव. परत आला तो गप्प. आठ दिवसांनी त्याचा मित्र कैलास घरी आला अन् चहा पिता पिता बोलून गेला – "काकू, पियुष तं बुडता बुडता वाचला!" माझ्या हातातली परात खाली पडली. पियुष म्हणाला, "काही नाई वो आई. आम्ही चौघं लाटांत खेळत होतो, पाय घसरला. तिथल्या एका चहावाल्यानं ओढून काढलं." नाव? सुकुमारन. बस, एवढंच. परत विचारलं की उठून जायचा.

मी तिथल्या तिथं गिरडच्या बाबांच्या डोंगराकडे तोंड करून हात जोडले. बाबा, ज्यानं माझं लेकरू काढलं त्याला माझ्या हातचे रोडगे खाऊ घालीन. पहिला रोडगा त्याच्या हातात पडेस्तोवर गहू तोंडात घालणार नाही.

अडीच वर्षं झाली. पोळी नाही, शिरा नाही. रक्षाच्या लग्नात मांडवात बसून ज्वारीची भाकर खाल्ली. विहीणबाई म्हणाल्या, डायबेटीस आहे का वो? म्हटलं, हो, तसंच समजा.

पण घोर गव्हाचा नाही, पियुषचा आहे. तेव्हापासून पोरगा पोरगा राहिला नाही. त्या वर्षी नापास झाला होता, ते पण नंतर कळलं. इंजिनियरिंग सोडलं. आता यांच्या दुकानात खिळे-बिजागऱ्या विकतो. विचारलं तर बोलतो, नाहीतर नाही. बावीस वर्षांचं पोर! हे टोमणे मारतात – "इंजिनियर साहेब, दोन इंची खिळे द्या." मला पक्कं वाटतं, नवस फिटला नाही म्हणून हे चाललंय. फिटला की माझा पियुष मला परत मिळेल.

रोझम्मा सिस्टरचं भलं होवो. इथं पुलगावला अठरा वर्षं नर्स होती, आमच्या मागच्याच गल्लीत राहायची. रिटायर होऊन आपल्या देशी, केरळात गेली. मी पत्रावर पत्रं टाकली. डिसेंबरात तिचं उत्तर आलं – माणूस सापडला!


१७ जानेवारी, गुरुवार

निघताना पियुषच्या चपलेला अडखळले. एक दारात, एक तुळशीपाशी! लहानपणापासून सांगून तोंड दुखलं – जोडून ठेव, घरात भांडणं होतात. ऐकेल तर शपथ.

पोतं त्यानंच स्टेशनवर आणलं. हसला नाही, नको नेऊ असंही म्हणाला नाही. गाडी हलायच्या आधी खिडकीशी आला. "आई, तो भेटला तं –"

"काय रे?"

"काही नाई. नमस्कार सांगजो."


१८ जानेवारी, शुक्रवार, गाडीत

गंमत! पुलगावहून नागपूरला गेलो, तिथं केरळच्या गाडीत बसलो, अन् गाडी परत सेवाग्रामवरूनच खाली उतरली. हे म्हणाले, "पैसे देऊन आपल्याच घराले चक्कर मारून राह्यलो आपण."

टी.सी.नं पोत्याला पाय लावून विचारलं, "इसमें क्या है?"

"उपले. गोबर के. मन्नत के हैं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. हे खिडकीबाहेर पाहत होते, जसं काही ही बाई कोण, आपली काही ओळख नाही! "माताजी, सीट के नीचे सरका दीजिए," म्हणाला बिचारा. भला माणूस. पाय लावलेला माफ केला.


१९ जानेवारी, शनिवार, वर्कला

पाहिला! समुद्र पाहिला!

काय लिहू? लॉजवर सामान टाकलं अन् तशीच, तोंडही न धुता निघाले. रस्ता एकदम संपतो. पुढे काही नाही – कडा! लालभडक, गेरूनं सारवल्यासारखा, सरळ खाली गेलेला. वरती काठाकाठानं हॉटेलं अन् दुकानं, खाली पांढरी वाळू, अन् मग पाणी, पाणी, पाणी. ऊन असं पडलेलं की डोळे दिपतात. जानेवारीत! पुलगावला लोक शेकोटीला बसले असतील.

हे कितीतरी वेळ उभे राहिले. मफलर काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "एवढं पाणी! अन् आपल्या इकडे नळ दिवसाआड." मी हसले. बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा आम्ही दोघं काही काम नसताना एका जागी उभे होतो. देवा, पन्नाशीनंतर का होईना, दाखवलंस.

कड्याच्या पायऱ्या उतरून खाली गेलो. कड्यातून गोड्या पाण्याचे झरे गळतात, बाया कळशा भरत होत्या. पुढे वाळूत लोक ओळीनं बसून पितरांचं करत होते. भात, तीळ, दर्भ, भटजी सांगतोय. एक बाई होती, माझ्याच वयाची. तिच्या पुढ्यात फोटो होता, तरण्या पोराचा.

मला तिथं उभं राहवेना. त्या ओळीत आम्ही बसलो असतो. माझ्या पुढ्यात तोच भात असता. यांचा हात धरला, भर दिवसा, लोकांत. यांनी सोडवून घेतला नाही.


२० जानेवारी, रविवार

आज दिवसच फिरला.

सकाळी रोझम्मा सिस्टर कोल्लमहून आली. केस पांढरे झाले, बाकी तश्शीच. स्टेशनवरच गळ्यात पडली. "काऊन वो सुलोचनाबाई, वाळून गेल्या! प्रभाकरराव जेवू घालत नाई का?" मल्याळी बाईच्या तोंडून आपली बोली ऐकली अन् मला रडूच आलं.

तिच्यासोबत गेलो. पायऱ्यांच्या पायथ्याशी कड्याला टेकून एक चहाची टपरी आहे. पन्नाशीचा, काटक माणूस, पांढरे खुंट, लुंगी गुडघ्यावर दुमडलेली. हाच सुकुमारन! आधी हसून चहा दिला. सिस्टरनं आम्ही कोण ते सांगितलं अन् त्याचा चेहरा उतरला. माझ्याकडे पाहत राहिला. मी वाकून पाय धरायला गेले तर दोन पावलं मागे सरला. काहीतरी बोलला अन् पाठ फिरवून ग्लास विसळायला लागला.

"काय म्हणते तो?"

सिस्टर गोंधळली. "म्हणते, जेवण-बिवण नको. पोरगा जिता आहे ना, बस झालं. तुम्ही घरी जा म्हणते."

घरी जा! दोन दिवस गाडीत, अडीच वर्षं भाकरीवर, अन् घरी जा! मी तिथंच म्हटलं, "त्याले सांग, मी काही त्याले चांदीचं ताट मागून नाई राह्यली. एक रोडगा खा म्हणून राह्यली." सिस्टरनं सांगितलं. त्यानं मान हलवली. नाही म्हणजे नाही.

डोकं तापलं होतं. लॉजवर आले तर मॅनेजर हसत हसत पुढे आला. सिस्टरला म्हणाला, तुमच्या पाहुण्यांचे फार उपकार, एवढ्या लांबून खत आणलं! मागच्या केळीत टाकून, पाणी देऊन, वर माती ओढली आहे.

खत!

मागे धावले. साठच्या साठ, भिजून लगदा. मी केळीच्या आळ्यात बसून रडले. मॅनेजर हात जोडून उभा, त्याला कळेना काय चुकलं. त्याचं तरी काय चुकलं? शेण म्हणजे खत, शहाण्या माणसाला हेच कळेल. हे आले, बाजूला बसले. मला वाटलं आता टोमणा मारतील, तर यांनी माझ्या हाताची माती आपल्या मफलरनं पुसली.


२१ जानेवारी, सोमवार

रडून थोडंच भागतं! पंचवीस तारखेला परतीची गाडी. हातात चार दिवस.

सकाळी एकटीच टपरीवर गेले. त्यानं चहा पुढे केला अन् मान खाली घातली. त्याची बायको ओमना दुधाचं भांडं घेऊन वरून उतरली. म्हणजे घरी गाय आहे! मी हातानं शिंगं केली, हंबरून दाखवलं, मग हातावर हात थापून दाखवलं. ओमना हसून हसून खाली बसली. पण बाईमाणूस, समजली! बादलीभर शेण आणलं. आता भुसा कुठून आणू? तिनं नारळाच्या काथ्याचा चुरा दाखवला. मळून पाहिला – छान मिळून आला.

थापायच्या कुठं? खाली वाळू, चिकटणार. वर हॉटेलं. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. टपरीच्या बाजूला कड्याचा एक भाग कोरडा होता, ऊन सरळ त्यावर. साडी खोचली अन् थापायला लागले. थाप! लाल भिंतीवर गोवरी. थाप! दुसरी. ओमनाही आली. तिची पहिली गोवरी घसरून खाली पडली, दुसरी टिकली.

गोरे लोक जमले. एका चड्डीवाल्या बाईनं फोटो काढले. हे वरून पायऱ्या उतरत होते, तिथंच थिजले. "सुलोचना! अवो, जगभरातून लोक हा कडा पाह्यले येतात अन् तू त्याच्यावर –"

तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. सुकुमारन! ग्लास हातात घेऊन, पोट धरून हसत होता. आल्यापासून पहिल्यांदा. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "हासून घे, बापा. हे तुह्यासाठीच आहे." त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो हसायचा थांबला अन् आत गेला. थोड्या वेळानं माझ्यासाठी खुर्ची आणून सावलीत ठेवली.

पस्तीस झाल्या. पातळ थापल्या, लवकर वाळतील.


२२ जानेवारी, मंगळवार

ऊन! असं ऊन दे देवा, उद्या पण दे. दुपारपर्यंत वरची बाजू वाळली. खाजणारी वाळू, खारं वारं, डोक्यावर यांची छत्री – मजेत दिवस गेला. झऱ्याचं पाणी प्याले. गोड! समुद्राला लागून असलेल्या दगडातून गोड पाणी, अन् तेही फुकट. ओमनानं तांदळाचं पुट्टू दिलं, केळं दिलं. चला, इथं गव्हाचा प्रश्नच नाही, सगळं गाव माझ्यासारखंच नवसावर!

सुकुमारन अजून चहा पुढे करून पाठ फिरवतो.


२३ जानेवारी, बुधवार

गोवऱ्या उलटून ठेवल्या.

आज सिस्टर परत आली होती, म्हणून ओमनाशी नीट बोलता आलं. ती कड्याखालची एक जागा दाखवायला लागली. म्हणाली, इथंच तुमच्या मुलानं बूट काढून ठेवले होते. सकाळी उजाडताना आला होता, एकटाच. पावसाळ्याचा समुद्र, लाल झेंडा लागलेला. आमचा हा चूल पेटवत होता. ह्यानं पाहिलं तेव्हा पोरगा कमरेभर पाण्यात होता, अंगात पूर्ण कपडे. ह्यानं हाका मारल्या, मग धावला.

बूट कसे होते ते सांगताना तिनं दोन्ही हात जुळवून दाखवले. जोडून, सरळ, आत मोजे घडी करून.

मी चिडले. "एकटा! अन् मले म्हणे चौघं खेळत होतो! खोटारडा! घरी एक चप्पल दारात, एक तुळशीपाशी, अन् इथं परक्या गावात बूट जोडून ठेवतो. अन् कपडे घालून कोणी पोहते का जी?"

मी वळून पाहिलं तर हे त्या जागेकडे पाहत होते. तोंडाचा रंग गेला होता. मी म्हटलं, "ऊन लागलं का?" म्हणाले, "हं, लागलं."

मग टपरीत गेले, मागून सिस्टर. मी बाहेर होते, सिस्टरनं नंतर सांगितलं – तुमच्या मिस्टरांनी सुकुमारनपुढे हात जोडले अन् उभे राहिले. शेवटी सुकुमारननं यांचे हात धरून खाली केले.

बाहेर येऊन सिस्टरनं सांगितलं – "येतो म्हणते उद्या! पण एक अट आहे म्हणते. त्या दिवसाचं त्याले काही विचारायचं नाई. प्रभाकरराव विचारत नाईत, तसं बाईनं पण विचारू नये म्हणते."

ही काय अट! पण मला रोडग्याशी काम. म्हटलं, कबूल, कबूल, दहा वेळा कबूल!

संध्याकाळी यांनी एस.टी.डी. वरून घरी फोन लावला. मला वाटलं दुकानाचा हिशोब विचारतील. म्हणाले, "पियुष, जेवला का रे? ... दुकान राहू दे. बंद ठेव दोन दिवस. रक्षाकडे जाऊन ये हिंगणघाटले. ... नाई नाई, काही झालं नाई. असाच केला फोन. बाप फोन करू शकत नाई का पोराले?" मीटर पळत होतं. हे बोलतच राहिले – पाऊस, गाय, काहीही. या माणसानं पोराशी इतकं गोड बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. समुद्राची हवा बरी मानवलेली दिसते. देवा, तुझे उपकार.


२४ जानेवारी, गुरुवार

फिटला! नवस फिटला! नीट लिहिते सगळं.

सकाळी गोवऱ्या काढल्या. टणटणीत. लाल मातीचा थर चिकटलेला पाठीला, पण वाजवून पाहिल्या – खण्ण! सुकुमारनच्या अंगणात खड्डा केला. त्याचं घर कड्यावर मागच्या बाजूला, नारळीत. गोवऱ्या रचल्या, पेटवल्या. धूर घरच्यासारखाच आला. डोळे चुरचुरले तरी बरं वाटलं.

कणीक मळली, ओवा घातला. लहान लहान पोळ्या लाटून, प्रत्येकीला तूप लावून एकावर एक पाच, वरून मोठी गुंडाळून गोळा बंद केला. ओमनानं पाहून पाहून दोन केले. आर पडला तशी रोडगे ठेवले, फिरवले, मग राखेत पुरले. वरण, वांग्याची भाजी. वांगी इथली हिरवी, लांबट, पण काय करता! आपल्यासारखी वांगी नाहीत म्हणून थोडंच रडणार.

अडीच वर्षांत गहू भाजण्याचा वास नाकात गेला की मी स्वयंपाकघरातून उठून जायची. आज बसले. तोंडाला पाणी सुटलं, डोळ्याला पण.

सुकुमारन आंघोळ करून, पांढरी लुंगी नेसून आला. पाटावर बसवलं, कुंकू लावलं. पहिला रोडगा राखेतून काढला, झटकला, फोडला, तुपात बुडवला अन् त्याच्या ओंजळीत ठेवला. म्हटलं, "भाऊ, खा." सिस्टरनं सांगायची गरज पडली नाही.

त्यानं रोडग्याकडे पाहिलं. मग बरोब्बर मधून दोन भाग केले. अर्धा खाल्ला – हळूहळू, एक कणही न सांडता, वरणाला हातही न लावता. उरलेला अर्धा माझ्या हातावर ठेवला. अन् बोलला. चार-पाच वाक्यं असतील. 

मी सिस्टरकडे पाहिलं. ती म्हणाली, "म्हणते, हा अर्धा तुमच्या पोराचा आहे. त्याले द्या. अन् त्याले सांगा – मी माझा शब्द पाळला. आता त्यानं त्याचा पाळावा."

"कोणता शब्द?"

"विचारायचं नाई असं ठरलं ना वो," सिस्टर म्हणाली.

काय असेल ते असो. पोरांना सिगारेट-बिगारेट सोडायला लावली असेल त्यानं, दुसरं काय! सांगेन.

बाकीचे रोडगे सगळ्यांनी खाल्ले. हे चार खाऊन गेले. लॉजच्या मॅनेजरलाही बोलावलं होतं, त्यानं बोटं चाटली अन् सिस्टरकरवी विचारलं – केळीतल्या गोवऱ्यांचे पण असेच झाले असते का? सगळे हसले. ओमनानं माझी ओटी भरली. नारळानं! त्यांच्याकडे असं करतात की नाही माहीत नाही, सिस्टरनं शिकवलं असेल. माझे आईवडील जाऊन वीस वर्षं झाली. त्यानंतर माहेरची म्हणून ओटी कोणी भरली नव्हती.

मी अजून गहू खाल्ला नाही. नवस फिटला, आता खाता येतो. पण वाटलं, पियुषनं त्याचा अर्धा खाल्ल्याशिवाय मी कशी खाऊ? दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.


२५ जानेवारी, शुक्रवार

निघालो. अर्धा रोडगा केळीच्या पानात, वर रुमाल, माझ्या पर्समध्ये.

हे सकाळी एकटेच खाली जाऊन आले. गुडघ्यापर्यंत पॅन्ट ओली. म्हटलं, "पाण्यात गेलते का?" म्हणाले, "हो. किती ओढ आहे पाह्यली." 

कड्यावर माझ्या गोवऱ्यांचे गोल डाग राहिले आहेत. पस्तीस. पाऊस येईल तेव्हा जातील.

सुकुमारन स्टेशनवर आला होता. गाडी हलली तेव्हा त्यानं हात जोडले नाहीत. नुसता हात वर केला, भाऊ करतो तसा.


२७ जानेवारी, रविवार

दुपारी पुलगावला पोचलो. पियुष स्टेशनवर. यांनी बॅग खाली ठेवली अन् त्याला जवळ घेतलं, प्लॅटफॉर्मवर, हमालांच्या देखत! पोरगा लाकडासारखा उभा. मग यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी म्हटलं, चला, टांगा कोण पाहणार?

रोडगा उद्या देईन. आज अंग मोडून आलंय.


२८ जानेवारी, सोमवार

सकाळी अर्धा रोडगा त्याच्या हातावर ठेवला. निरोप सांगितला – त्यानं शब्द पाळला, आता तू पाळ.

पियुष खाली बसला. "आई, पाय नव्हता घसरला," म्हणाला. "मी आपल्या मनानं गेलतो. नापास झालो, बाबाले तोंड कसं दाखवू म्हणून. मी सुकुमारनच्या पाया पडलो, म्हटलं माह्या आईले सांगू नको. तो म्हणे, नाई सांगत, पण एक दिवस तू सांगजो."

यांना तिथंच कळलं होतं. त्या बुटांवरून. मीच एक येडी.

पियुषच्या हातातला तुकडा मोडला, अर्धा त्याच्या तोंडात घातला, अर्धा माझ्या. दगडासारखा झाला होता. कितीतरी वेळ चावत बसलो दोघं.

आत्ता तो यांच्याबरोबर बाहेर बसून काहीतरी सांगतोय. चपला – एक दारात, एक तुळशीपाशी. राहू दे. तशाच राहू दे.